काही त्रास नसताना तपासणी कशासाठी?

"डॉक्टर, मला काही होतच नाही, मग गोळी कशाला?" पेण-रोहा भागात हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. पण उच्च रक्तदाब आणि मधुमेह बऱ्याच जणांत काही वर्षे कोणतेच लक्षण दाखवत नाहीत. तेवढ्या काळात रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि डोळ्यांच्या पडद्याची हानी होत राहते. काहींच्या बाबतीत पहिले लक्षण थेट अर्धांगवायू किंवा हार्ट अटॅक असते.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

वयाच्या तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासा. घरात कुणाला हे आजार असतील, तर टाळाटाळ नको. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक आले, तर तो उच्च रक्तदाब. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ ही धोक्याची सूचना. इथे आहार आणि व्यायामाने मधुमेह लांबवता येतो, कधी टाळताही येतो. १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासून निदान पक्के करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासण्या मोफत होतात.

रोजच्या सवयी

मीठ: दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पेणचे पोह्यांचे पापड, लोणचे, खारवलेली मासळी यांतले मीठही यातच धरा.

भात: भात सोडून तांदळाची भाकरी खाल्ली, तर फरक पडत नाही, दोन्ही तांदूळच. भात कमी घ्या, वालाची उसळ, कुळीथ, मासे आणि भाजी वाढवा.

हालचाल: आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चाला. पेणच्या गणपती कारखान्यांत तासन्‌तास बसून काम चालते; तिथे दर तासाला उठा. धाटाव एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

तंबाखू आणि मिश्री: मिश्रीही तंबाखूच. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर लगेच दाखवा. तिशीनंतर स्त्रियांनी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीही करून घ्यावी.

घरच्यांसाठी

बीपी नॉर्मल आले ते गोळीमुळे. म्हणून सल्ल्याशिवाय ती बंद करू नका. अचानक तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येते. आपल्याकडून मोठे रुग्णालय गाठायलाच वेळ लागतो, त्यामुळे "सकाळी बघू" म्हणू नका.