पाणी शुद्ध झालं, गाळाचं काय?

शहरात नवं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र होणार म्हटलं की बातमीत एकच आकडा ठळक असतो: रोज किती दशलक्ष लिटर. मुंबईत सात ठिकाणी केंद्रं उभारली जात आहेत, त्यांची एकूण क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर. पुण्यात जपानी कर्जातून ११ केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटर. रोज गाळ किती टन निघणार आणि तो कुठे जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. केंद्रात गेलेली घाण तिथेच संपते, असं आपण धरून चाललेलो असतो.

ती संपत नाही. थोडा भाग जिवाणू खातात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. उरलेली घाण पाण्यातून काढून एका जागी गोळा केली जाते, एवढंच. म्हणजे पाणी जितकं चांगलं शुद्ध करावं तितका गाळ जास्त. वरळी आणि वांद्र्याला वर्षानुवर्षं सांडपाणी जाळ्यांतून गाळून, रेती-खडे काढून लांबलचक वाहिन्यांनी खोल समुद्रात सोडलं गेलं. तिथे गाळाची डोकेदुखी फारशी नव्हती, कारण ती समुद्राच्या गळ्यात घातलेली होती.

गाळ म्हणजे निव्वळ मैला, हीसुद्धा अर्धवट समजूत. पहिल्या टाकीत तळाशी बसतो तो मैला, अन्नकण, कागदाचा लगदा. त्यापुढच्या टाक्यांत मात्र जिवाणूंचा संसार असतो. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं, की खाली बसलेला गाळ फेकून न देता त्यातच नवं सांडपाणी घालून हवा सोडत राहिलं तर पाणी फार लवकर स्वच्छ होतं. आजची बहुतेक मोठी केंद्रं याच पद्धतीवर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतात. जिवाणू घाणीवर पोसतात, वाढतात आणि त्यांची जादा पैदास सतत बाहेर काढावी लागते. या जिवंत गाळाच्या पेशींतच पाणी अडकलेलं असतं. म्हणून तो कितीही पिळा, पुरता कोरडा होत नाही.

‘यंत्रातून काढला की गाळ सुकतो’ हा गैरसमज पैशांना भिडतो, म्हणून जरा हिशेब मांडू. दर दशलक्ष लिटर सांडपाण्यामागे २०० किलो कोरडा गाळ निघतो असं धरलं, तर १०० दशलक्ष लिटरच्या केंद्रात रोज २० टन. टाकीतून येताना त्यात ९८ टक्के पाणी असेल तर प्रत्यक्ष वजन १,००० टन. सेंट्रीफ्यूज किंवा फिल्टर प्रेसमधून काढून पाणी ८० टक्क्यांवर आणलं की उरतात १०० टन. टक्केवारीत फरक अठराचा, वजनात दहापट! या ओलसर मातीसारख्या पदार्थाला केंद्रातली माणसं ‘केक’ म्हणतात. १०० टन केक म्हणजे रोज दहा-दहा टनांचे दहा डंपर, आणि त्यांतले आठ पाण्याचेच. याच हिशेबाने, आणि गाळ कुजवण्यापूर्वी, मुंबईच्या सात केंद्रांचा केक रोज जवळपास अडीच हजार टन भरेल. वाळूच्या वाफ्यांवर उन्हात गाळ वाळवणं स्वस्त पडतं, पण त्याला जागा लागते आणि कोकणातल्या पावसापुढे त्या वाफ्यांचं काही चालत नाही.

मग गॅस बनवला तर? बनवावाच. बंद डायजेस्टरमध्ये ३५ अंशांच्या आसपास पंधरा-वीस दिवस गाळ ठेवला की बायोगॅस मिळतो, त्यात साधारण साठ टक्के मिथेन असतो. तोच गाळ उघड्यावर कुजला तर हा मिथेन हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरतो. पण डायजेस्टर गाळ गिळून टाकत नाही. त्यातला सेंद्रिय भाग निम्म्याच्या आसपास घटतो, बाकीचा गाळ होता तिथेच.

खताबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं. एक पक्ष म्हणतो, आपले पूर्वज सोनखत वापरत नव्हते का? वापरत होते, पण त्या काळी गटारात इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्याचं पाणी मिसळत नव्हतं. कॅडमियम, शिसं, क्रोमियम कुजत नाहीत, ते गाळात साठतात. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि पाऱ्याची ०.१५ मिलिग्रॅम आहे, ती उगाच नाही. शिवाय जंतांची अंडी डायजेस्टरच्या उबेत मरत नाहीत. अमेरिकेचे १९९३ चे नियम सांगतात की उघड्या राशींत कंपोस्ट करायचं तर १५ दिवस ५५ अंश तापमान टिकलं पाहिजे आणि तेवढ्यात रास पाच वेळा उलथली पाहिजे. दुसरा पक्ष गाळाला विषच मानतो. तेही खरं नाही. मिलवॉकी शहर १९२६ पासून असा गाळ वाळवून खत म्हणून विकत आलं आहे. त्यात नत्र आणि स्फुरद असतं. पालाश मात्र जेमतेम, कारण तो पाण्यात विरघळून निघून जातो. पण मिलवॉकीच्याच देशात मेन राज्याने २०२२ मध्ये गाळ शेतात टाकायला बंदी घातली, न विघटणाऱ्या ‘पीफास’ रसायनांमुळे. थोडक्यात, खताची प्रत केंद्रात ठरत नाही, गटारात काय सोडलं जातं त्यावर ठरते.

अहमदाबादच्या पिराणा इथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने रोज १०० टन सुक्या गाळावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडून जंतू मारतात. त्यामुळे गाळ किरणोत्सारी होतो ही भीती निराधार आहे. त्या किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. मात्र हे किरण जड धातूंचं काही करू शकत नाहीत.

समुद्रात टाकण्याचा मार्ग जगाने केव्हाच बंद केला: न्यूयॉर्कने १९९२ मध्ये, युरोपीय संघाने १९९८ अखेर. जाळायचा म्हटला तर ८० टक्के पाणी असलेला केक आपणहून पेटत नाही, आणि राख उरतेच.

मोठ्या सोसायट्यांच्या एसटीपीतल्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या छोट्या शुद्धीकरण केंद्रांतल्या गाळाला जवळपास हेच लागू पडतं. वाळल्या पानांबरोबर नीट तापवून कंपोस्ट केलेला गाळ झाडांना आणि हिरवळीला घालावा. कोथिंबीर, मुळा, गाजर यांच्या वाफ्यात नको, आणि माळीकाकांच्या हातात मोजे हवेत. टँकरवाला नेत असेल तर तो कुठे रिकामा करतो हे कमिटीने विचारावं. जवळच्या मॅनहोलमध्ये ओतत असेल आणि ती मलवाहिनी अजून केंद्राला जोडलेली नसेल, तर सोसायटीने विजेचं बिल भरून वेगळी काढलेली घाण संध्याकाळपर्यंत नाल्यात पोहोचलेली असते.