काळी वायर म्हणजे प्लस!

गणपती दोन दिवसांवर आलेले. बाहेर कडावचा पाऊस, म्हणजे अंगणातलं वाळत घातलेलं फडकंसुद्धा चार दिवस ओलंच. माळ्यावरून मखराचं सामान खाली काढलं आणि बघते तर काय, रंगीत दिव्यांच्या पट्टीचा तो छोटा पांढरा डबा, रिमोटवाला कंट्रोलर हो, उंदराने पार कुरतडलेला! 'हे' सकाळच्या कर्जत लोकलने मुंबईला जातात ते रात्रीच उगवतात. म्हणजे काय करायचं ते आपणच.

२०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमचं मखर बांबूच्या कामट्या आणि सासूबाईंच्या जुन्या जरीच्या साडीचं असतं. त्या साडीच्या मागून रंग सोडणारी ही तीन मीटरची पट्टी म्हणजे लेकीचा जीव की प्राण. म्हणून भर पावसात कर्जतला जाऊन नवा कंट्रोलर आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, हाच घ्या, यात दिवे पळतात." घरी आणून बघितलं तर डब्याला तीन वायरी आणि आमच्या पट्टीला चार! वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी पट्टी उलटीपालटी केली आणि निकाल देऊन टाकला, "वहिनी, गेली ही. टाकून द्या. थेट प्लगात लावायची नवीन आणा."

मैत्रिणींनो, आपण अशा वेळी मान डोलावतो आणि पर्स उघडतो. मीही उघडणारच होते. पण लेक म्हणाली, "आई, त्यावर काहीतरी लिहिलंय बघ." चष्मा लावला. खरंच, दर तीन दिव्यांनंतर कातरीचं चित्र होतं आणि त्याच्याशेजारी तांब्याच्या चार टिकल्या. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं : प्लस १२ व्ही, जी, आर, बी. पट्टी स्वतःची जन्मपत्रिकाच अंगावर घेऊन हिंडत होती, आम्ही ती वाचलीच नव्हती!

या पट्ट्यांच्या मुख्य दोन जाती. एक आमच्यासारखी साधी आरजीबी. यात अख्खी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. शाळेतल्या कवायतीसारखं, एक म्हटलं की सगळ्यांचे हात वर. दुसरी पिक्सेल पट्टी. तिच्यातल्या दिव्यांना हजेरीपटासारखा नंबर असतो, म्हणून एक लाल, शेजारचा हिरवा असे दिवे 'पळतात'. तिला बहुधा तीन वायरी : प्लस, मायनस आणि हुकूम पोचवणारी तिसरी. टिकलीजवळ 'डी-इन' किंवा 'डीआय' असं लिहिलेलं आणि बाण काढलेला असतो. एकीचा कंट्रोलर दुसरीला चालत नाही. नुसती दोन वायरींची पट्टी असेल तर ती एकाच रंगाची. मात्र तीन वायरी दिसल्या म्हणून लगेच पिक्सेल समजू नका. पिवळा आणि पांढरा असे दोन प्रकाश देणाऱ्या साध्या पट्टीलाही तीनच असतात. म्हणून मोजा, आणि मग वाचासुद्धा.

वाचायला का सांगते? तर वायरींच्या रंगावर भरवसा ठेवलात तर फसाल. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस, हे आपल्या डोक्यात पक्कं. पण आरजीबी पट्टीत लाल वायर ही फक्त लाल दिव्याची, आणि प्लस असते ती बहुतेक वेळा चक्क काळी! कधी पांढरीही असते. तिन्ही रंगांचा प्लस एकच, सामाईक. कंट्रोलर रंग चालू-बंद करतो तो मायनसच्या बाजूने.

आता पट्टी जिवंत आहे का, हे कसं बघायचं? आमचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर शाबूत होता. त्याच्या पिनेला बसणारी, स्क्रूवाली छोटी जोडणी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. अ‍ॅडॉप्टर बंद ठेवून प्लस काळ्या वायरीला जोडला, मायनस लाल वायरीला, आणि मग बटण दाबलं. पट्टी लालभडक! बंद करून मायनस हिरवीला, मग निळीला. तिन्ही रंग ठणठणीत. लेकीने टाळ्याच पिटल्या. गेला होता तो फक्त डबा. चार वायरींचा साधा कंट्रोलर दुसऱ्या दिवशी बदलून आणला, दीड-दोनशेचं काम.

निळा रंग लागला तेव्हा मला एक वाचलेलं आठवलं. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ सालीच केला होता, पण झगझगीत निळ्यासाठी १९९० च्या दशकापर्यंत वाट बघावी लागली. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. निळा नसता तर आपल्या मखरात पांढरा प्रकाशही नसता.

बाकी हिशेब स्वयंपाकाच्या प्रमाणाइतका सोपा. मीटरला साठ मोठे दिवे असलेली १२ व्होल्टची पट्टी मीटरमागे साधारण १४ वॉट खाते. आमच्या तीन मीटरला ४३ वॉट झाले. त्याला १२ ने भागलं की साडेतीन अँपियरच्या वर. म्हणून अ‍ॅडॉप्टर पाच अँपियरचा. दोनचा लावलात तर तापतो. पट्टी गुंडाळलेली असताना जास्त वेळ पेटवू नका, तीही तापते. कापायची तर कातरीच्या खुणेवरच. पाच मीटरच्या पुढे जोडत गेलात तर शेवटचे दिवे मंदावतात, तेव्हा दुसऱ्या टोकालाही वीज द्या. आणि कंट्रोलरचा 'डोळा' साडीबाहेर ठेवा, नाहीतर रिमोट दाबून अंगठा दुखेल.

आणि हो, ती 'थेट प्लगात लावायची' पट्टी. तिच्यात घरातली २३० व्होल्टची वीज खेळते. ती बाहेरच्या भिंतीला, उंच, टोकाला घट्ट टोपण लावूनच ठीक. मखरात आपण ओल्या दुर्वा वाहतो, फुलांवर पाणी शिंपडतो, पोरं हात घालतात. तिथे ती नकोच. १२ व्होल्टच्या पट्टीचा हाताला झटका बसत नाही, पण तिचाही अ‍ॅडॉप्टर पाण्यापासून लांब हवा.

गणपती बसले. लेकीने रिमोटवरचे सगळे रंग नाचवून झाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पुरे गं बाई, समईसारखा एकच ठेव." लाल पूर्ण आणि हिरवा थोडा, की झाला समईचा रंग! कंट्रोलर हिरवा दिवा सेकंदात शेकडो वेळा लावतो-विझवतो, आपल्या डोळ्यांना तो नुसता मंद दिसतो.

दर्शनाला आलेले वायरमनदादा मखराकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, चौथी वायर कुठे दिलीत?"

विसर्जनानंतर पट्टी डब्यात भरताना मी मसाल्याच्या बरणीला लावतात तशी चिठ्ठी वर चिकटवली : 'साधी आरजीबी. १२ व्होल्ट, ५ अँपियर. काळी वायर प्लस.' आणि डबा, अर्थातच, पत्र्याचा घेतला.