यादीबाहेरचे उत्तर

शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशापासून शासकीय योजनांपर्यंत बहुतेक अर्ज संगणकावर भरावयाचे झाले, तेव्हापासून माणसाला स्वतःविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही याचा निर्णय बव्हंशी त्या अर्जातील ड्रॉपडाउन, म्हणजे क्लिक करताच खाली उलगडणारी पर्यायांची यादी, करू लागली आहे. मातृभाषेचा रकाना घ्या. धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातील एखादी विद्यार्थिनी तो उघडते. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, कन्नड अशी नावे ओळीने समोर येतात. तिच्या घरी जी बोलली जाते ती अहिराणी मात्र त्यांत नसते. ती ‘मराठी’ निवडते आणि पुढच्या रकान्याकडे वळते. अर्ज विनातक्रार दाखल होतो आणि एक चुकीची नोंद दप्तरी रुजू होते. अशा यादीत अर्जदाराला स्वतःचा पर्याय घालू द्यावा की नाही, आणि द्यावयाचा तर कोणत्या रीतीने, याविषयी अर्ज करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि तो तयार करणाऱ्या तंत्रज्ञांच्याही मनांत जे समज रूढ आहेत, त्यांची छाननी होणे अगत्याचे आहे.

बंदिस्त यादीमुळे माहिती शुद्ध राहते, हा त्यांतील सर्वांत बलवत्तर समज. वस्तुतः अशा यादीने माहिती एकसारखी होते; ती खरी असेलच असे नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मतदारांना, मत देताना कोणता प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला, असे विचारले. काहींना पाच पर्याय वाचून दाखविले, तर काहींना कोणतीही यादी न देता उत्तर देऊ दिले. यादी ऐकलेल्यांपैकी ५८ टक्क्यांनी अर्थव्यवस्थेचे नाव घेतले. यादी न ऐकलेल्यांपैकी केवळ ३५ टक्क्यांनी. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. यादीबाहेरचे उत्तर देण्याची मुभा पहिल्या गटालाही होती, परंतु ती घेणारे ८ टक्केच निघाले. दुसऱ्या गटात मात्र ४३ टक्के उत्तरे त्या पाचांच्या बाहेरची होती. समोर पर्याय मांडले की त्यांपैकीच एक उचलावयाचा, ही माणसाची सहजप्रवृत्ती असते, आणि यादी करणाराचे अज्ञान त्या मार्गाने उत्तर देणाराच्या तोंडी घातले जाते.

मग शेवटी ‘इतर’ हा पर्याय ठेवला की काम भागले, असे मानले जाते. ते भागत नाही. दप्तरात ‘इतर’ एवढाच शब्द जातो. तो निवडताच लिहिण्यासाठी चौकट उघडली नाही, आणि त्या चौकटीतील मजकूर पुढे कोणी वाचला नाही, तर ‘इतर’ म्हणजे नोंद न करण्याचाच एक प्रकार ठरतो.

तंत्राकडे वळल्यावर पहिली समजूत अशी आढळते की, नेहमीच्या ड्रॉपडाउनलाच एखादा गुणधर्म जोडला की त्यात टंकलेखन करता येईल. वेबपाने ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलमधील ‘सिलेक्ट’ हा घटक १९९५ च्या एचटीएमएल २.० या प्रमाणापासून आहे आणि तो दिलेल्या पर्यायांतून निवड करण्यापुरताच आहे. त्यावर अक्षर दाबले तर त्या अक्षराचा पर्याय पुढे येतो, नवा तयार होत नाही. लिहिण्याची आणि निवडण्याची अशी दुहेरी सोय हवी असल्यास साधी ‘इनपुट’ चौकट घेऊन तिला ‘डेटालिस्ट’ जोडावी लागते. २०१४ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये हा घटक आहे. त्यातील नावे केवळ सूचना असतात. अर्जदार त्यांपैकी एक घेईल किंवा सर्वस्वी निराळे लिहील.

तथापि डेटालिस्टमध्ये लिहिलेले नाव आपोआप यादीत जाऊन बसते, हाही भ्रमच आहे. जावास्क्रिप्टने यादीत नवा पर्याय जोडता येतो, परंतु तो त्या एका ब्राउझरमधील त्या एका पानापुरता. पान पुन्हा उघडले की नाहीसा होतो. तो टिकावयाचा तर सर्व्हरवर साठविला पाहिजे, आणि साठवावयाचा ठरल्यावर खरा प्रश्न समोर येतो: हे नाव फक्त या अर्जापुरते ठेवावयाचे, याच व्यक्तीच्या पुढील अर्जांतही दाखवावयाचे, की यापुढे येणाऱ्या सर्व अर्जदारांपुढे मांडावयाचे? या तिन्हींत महदंतर आहे, आणि तंत्रज्ञाने ते स्वतःच्या मुखत्यारीने ठरविता कामा नये. सार्वजनिक यादीसाठी मला महसूल दप्तरातील फेरफाराची पद्धत अनुकरणीय वाटते. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, आणि मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती सातबाऱ्यावर चढते. त्याच न्यायाने अर्जदाराचे उत्तर त्याच्या अर्जात तत्काळ ग्राह्य धरावे, आणि सर्वांच्या यादीत ते जबाबदार माणसाने पाहिल्यानंतरच घ्यावे.

सुरक्षिततेविषयीचे दोन गैरसमज परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. यादी बंदिस्त असली की सर्व्हरवर तपासणीची गरज नाही, हा एक. पण ब्राउझरमधून निघणारी विनंती कोणालाही बदलता येते, तेव्हा आलेले मूल्य यादीतले आहे याची खातरजमा सर्व्हरनेच करावयाची असते. यादी खुली केली की तपासणी संपली, हा दुसरा. आणि तो अधिक घातक. भाषेच्या नावाऐवजी कोणी स्क्रिप्ट लिहून पाठविली आणि ती जशीच्या तशी पानात उमटविली, तर पुढच्या अर्जदाराच्या ब्राउझरमध्ये ती चालू होते. लांबीची मर्यादा घालणे आणि मजकूर निव्वळ मजकूर म्हणूनच दाखविणे ही दोन पथ्ये येथे अनिवार्य आहेत. हाताने घडविलेली यादी माउसने चालली म्हणजे पूर्ण झाली, असेही समजू नये. कळफलकावरून आणि अंधांच्या स्क्रीनरीडरकडून वापरली जाण्याची सोय ‘सिलेक्ट’मध्ये मुळातच असते, नव्या यादीत ती आरिया या वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या प्रमाणातील ‘कॉम्बोबॉक्स’ या भूमिकेनुसार मुद्दाम बांधावी लागते.

राहिला द्विरुक्तीचा प्रश्न. दोन नोंदी सारख्या असतील तर संगणक त्या ओळखीलच, हा विश्वास देवनागरीत तरी टिकत नाही. ‘वऱ्हाडी’ हे नाव घ्या. त्यातील जोडाक्षर ऱ, हलन्त आणि ह असे लिहिता येते. र, नुक्ता, हलन्त आणि ह असे लिहिता येते. किंवा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि ह असेही. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे वेगळेच राहते. ते स्वतंत्र नियमाने जुळवावे लागते. आणि ‘अहिराणी’, ‘आहिराणी’, ‘खानदेशी’ ही तीन उत्तरे एक मानावीत काय, हे तर कोणताच नियम सांगू शकत नाही. त्यासाठी भाषा जाणणारा मनुष्य लागतो.

ही सिद्धता नसेल तर काय होते, हे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत दिसले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. या गणनेत, जातींची प्रमाणित सूची हाताशी नसल्याने आणि प्रगणकांनी एकच नाव नाना प्रकारे लिहिल्याने, ४६ लाखांहून अधिक नावे निघाली, असे केंद्र शासनाने २०२१ मध्ये महाराष्ट्राच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सांगितले. खुला प्रश्न विचारू नये, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र चूक होईल. कारण त्याच वर्षीच्या जनगणनेत मातृभाषेची १९,५६९ नावे लोकांनी सांगितली, तज्ज्ञांनी छाननी करून त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित केल्या, आणि १,४७४ नावे अवर्गीकृत म्हणून बाजूस ठेवली. अहिराणी त्यात खानदेशी या शीर्षकाखाली आली.

म्हणून खुल्या रकान्यासाठी दप्तरात दोन स्तंभ असावेत, असा माझा आग्रह आहे: एकात अर्जदाराने लिहिलेले शब्द, अक्षरही न बदलता, दुसऱ्यात कचेरीने लावलेले वर्गीकरण. वर्गीकरण उद्या चुकीचे ठरले, अहिराणीला वेगळा क्रमांक द्यावयाचे ठरले, तर दुसरा स्तंभ पहिल्यावरून नव्याने भरता येईल. धुळ्याच्या त्या मुलीने नाइलाजाने ‘मराठी’ निवडली असेल, तर तिची भाषा कोणती होती हे त्या दप्तरातून कोणालाही काढता येणार नाही.