माकडहाडावरील नाडीव्रण पुन्हा उद्भवतो तेव्हा

नितंबांमधल्या घळीत, माकडहाडाच्या जवळ होणारा पायलोनायडल सायनस हा जीवघेणा विकार नव्हे. परंतु ऐन तारुण्यात जडलेला हा नाडीव्रण एकदा शस्त्रक्रिया सोसल्यावरही जेव्हा पुन्हा वाहू लागतो, तेव्हा संकोचापोटी कुणाशी न बोलणाऱ्या रुग्णाच्या मनात ज्या चुकीच्या समजुती घर करतात, त्यांचे निरसन करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : हा भगंदराचाच प्रकार आहे.
वस्तुस्थिती : भगंदराचे एक तोंड गुदमार्गाच्या आत उघडते. या विकाराचा गुदमार्गाशी संबंध नसतो; घळीच्या मध्यरेषेवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि आतील पोकळीत पुवाबरोबर पुष्कळदा सुट्या केसांचा पुंजका सापडतो.

गैरसमज : दोष जन्मजात असल्यामुळे तो उलटणारच.
वस्तुस्थिती : एके काळी शल्यविशारदही या विकारास जन्मजात समजत. परंतु केशकर्तन करणाऱ्या कारागिरांच्या बोटांच्या बेचक्यांत गिऱ्हाइकांचे केस रुतून असाच व्रण होतो, हे निदर्शनास आल्यावर आणि समूळ छेदनानंतरही तो उलटतो, याकडे पेटी हे इंग्रज शल्यविशारद व स्कार्फ हे विकृतितज्ज्ञ यांनी १९४६ साली लक्ष वेधल्यावर, सुटा केस बाहेरून त्वचेत शिरतो हे मत दृढ झाले.

गैरसमज : पहिल्या खेपेस कमी कापले गेले, सबब आता अधिक खोल कापावे.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा कसूर छेदाच्या खोलीत नसून टाक्यांच्या जागेत असते. घळ खोल, दमट आणि बसता-उठता ताणली जाणारी. तिच्या तळाशी, मध्यरेषेवर, आलेला व्रण नाजूक राहतो आणि केसास नवी वाट मिळते. म्हणूनच ग्रीक फौजेतील शल्यविशारद कारिदाकिस यांनी टाक्यांची रेषा एका बाजूस नेण्याची पद्धत रूढ केली, आणि १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अहवालात विकार उलटण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का नोंदवले. अमेरिकेतील बॅस्कम यांनी मुख्यतः रोगट त्वचा काढून, खालची चरबी राखून, घळच उथळ करण्याची ‘क्लेफ्ट लिफ्ट’ शस्त्रक्रिया प्रचारात आणली. लिंबर्ग फ्लॅपमध्ये शेजारची त्वचा चरबीसह वळवून समभुज चौकोनी जखम झाकतात; मात्र तिचे खालचे टोक मध्यरेषेवर राहिल्यास तेथेच विकार उलटण्याचा धोका असतो, म्हणून सुधारित पद्धतीत तेही बाजूला घेतात.

गैरसमज : जखम उघडी ठेवून ड्रेसिंग करीत राहणे हाच एकमेव खात्रीचा इलाज.
वस्तुस्थिती : मध्यरेषेवर टाके घालण्यापेक्षा उघड्या जखमेत विकार कमी उलटतो, हे खरे, परंतु ती भरण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. जखम शिवायचीच असेल तर टाके मध्यरेषेबाहेर असावेत, असाच निर्वाळा तुलनात्मक अभ्यासांनी दिला आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी रुग्णाने शल्यविशारदांना निःसंकोचपणे विचारावे : टाक्यांची रेषा कोठे येईल, आणि घळ उथळ होईल काय? किती कापणार, या प्रश्नापेक्षा या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्या पुढील आयुष्यास अधिक उपयोगी पडतील.