हाड वाढलेलं नसतं हो!

तोंड उघडं ठेवून मीटिंगला बसणारा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो. बॉसला वाटतं, हा जाम बोअर झालाय. प्रत्यक्षात तो बिचारा फक्त श्वास घेत असतो!

‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. वाढलेलं वगैरे काही नसतं. दोन नाकपुड्यांमधला कूर्चेचा आणि हाडाचा पडदा एका बाजूला झुकलेला असतो. थोडाफार तर बहुतेकांचा असतो आणि त्यांचं काही अडत नाही. ज्यांचं अडतं, त्यांच्यासाठी सेप्टोप्लास्टी.

मी ती गेल्या वर्षी केली. काप नाकाच्या आतून, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण नाही. नाकाचा शेपही तोच (मैत्रिणींची घोर निराशा). पहिला आठवडा मात्र वैताग. नाकात स्प्लिंट, डोकं जड, चहाला चव नाही. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, जिम बंद. आई रोज फोनवर विचारायची, “अगं, आता तरी मोकळं वाटतंय का?” मोकळं कुठलं! आधीपेक्षा जास्त चोंदलेलं. आतली सूज आणि खपल्या जायला काही आठवडे लागतात. महिन्याभरानंतर एकदा सकाळी जाग आली तेव्हा घसा कोरडा नव्हता. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली भरलेलीच होती. डेडलाइनच्या दिवशी दुपारी चारला डोळे मिटायचे, तेही कमी झालं.

हे माझ्या मनाचे खेळ असतील का? ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ३७८ पेशंट घेऊन हेच तपासलं. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना सहा महिने स्टेरॉइड आणि सलाइनचे स्प्रे. ‘बीएमजे’मध्ये २०२३ मध्ये निष्कर्ष आले. मला आवडला तो त्यांचा फंडा. पडदा किती सरळ झाला यापेक्षा त्यांनी भर दिला तो २२ प्रश्नांवर : नाक चोंदतं का, झोप लागते का, थकवा येतो का, कामात लक्ष लागतं का, चिडचिड होते का? एकूण ११० गुण, जितके कमी तितकं बरं. सहा महिन्यांनी स्प्रेवाल्यांची सरासरी ३९.५, ऑपरेशनवाल्यांची १९.९. फरक सॉलिड आहे.

पण ऑपरेशन म्हणजे जादूची कांडी नव्हे. अ‍ॅलर्जी त्याने जात नाही; धूळ उडाली की मी आजही शिंकते. घोरणं थांबेल याची गॅरंटी नाही, स्लीप अ‍ॅप्निया तर वेगळंच प्रकरण. रक्तस्राव, इन्फेक्शन, क्वचित पडद्याला छिद्र, हे धोकेही असतातच. म्हणून कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना आधी एवढंच विचारा : माझ्या चोंदण्यात पडद्याचा वाटा किती आणि अ‍ॅलर्जीचा किती? अ‍ॅलर्जीचं पारडं जड असेल, तर आधी स्प्रे.

आणि करायचंच ठरलं, तर रजा मात्र दोन आठवड्यांची टाका. ‘लाँग वीकेंडला उरकून घेऊ’ हा प्लॅन चालत नाही.