जुन्या खेळण्याचा नवा सारथी



दुरून गाडी हाकण्याची कल्पना फार जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींवर चालणारी एक लहानशी नाव लोकांना दाखविली होती. पुढे हीच विद्या मुलांच्या खेळण्यांत उतरली. १९८० नंतरच्या काळात २७ मेगाहर्ट्झ लहरींवर चालणाऱ्या मोटारगाड्या पुष्कळ घरांत आल्या. त्यांतलीच एक आमच्या माळ्यावर सापडली. हातातला नियंत्रक केव्हाच हरवलेला. दुरुस्तीवाल्याने एकदा पाहिले आणि ‘टाकून द्या’ असा निकाल दिला. हा निकाल बरोबर होता काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गाडीच्या पोटातील पाटीचे तीन भाग कल्पावेत. पहिला लहर पकडतो. दुसरा, म्हणजे एक लहानशी चिप, त्या लहरीतील संकेत उलगडून ‘पुढे’, ‘मागे’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असा हुकूम देतो. तिसरा भाग ट्रान्झिस्टरांचा. तो हुकूम पाळून मोटारीला वीज पुरवितो. पहिले दोन सारथी, तिसरा घोडा. सारथी गेला म्हणून कोणी घोडा मारून टाकीत नाही!

या घोड्याची रचना मोठी सुबक आहे. इंग्रजी ‘एच’ अक्षर डोळ्यांपुढे आणा. मधल्या आडव्या रेघेवर मोटार आणि चार टोकांना चार ट्रान्झिस्टर, म्हणजे चार दारे. समोरासमोरची तिरपी दोन दारे उघडली की वीज मोटारीतून एका दिशेने वाहते. उरलेली तिरपी दोन उघडली की उलट दिशेने. म्हणून गाडी पुढे व मागे जाते. पण एकाच बाजूची वरची व खालची दारे एकदम उघडली, तर वीज मोटारीला वगळून थेट वाहते आणि ट्रान्झिस्टर जळतात.

येथे सहज कोणी विचारील, नवा सारथी मोटारीला थेट का जोडू नये? हिशेब करून पाहू. तारेच्या वेटोळ्याचा रोध २ ओहम आणि बॅटरी ६ व्होल्टची असेल, तर चाक अडताच ३ अँपिअर वीज वाहील. मायक्रोकंट्रोलरच्या एका पायाला काही मिलिअँपिअरच झेपतात. ट्रान्झिस्टरला मात्र तेवढा इशारा पुरतो. सुमारे ०.७ व्होल्टला तो जागा होतो आणि मोठा भार स्वतः वाहतो.

आता कृती. जुनी चिप डाख वितळवून काढावी. चाके टेबलापासून अधांतरी ठेवावीत. चिपच्या रिकाम्या जागी एकेक छिद्र १,००० ओहमच्या रोधकातून बॅटरीच्या धन टोकाला क्षणभर टेकवावे. ज्या छिद्राने चाक पुढे फिरले ते ‘पुढे’चे, तशीच बाकीची ओळखावीत. तेथे मायक्रोकंट्रोलरच्या तारा रोधकातूनच जोडाव्यात. मायक्रोकंट्रोलरला स्वतंत्र बॅटरी द्यावी, कारण मोटार सुरू होताना दाब खचतो आणि मायक्रोकंट्रोलर मध्येच भानावर राहात नाही. मात्र दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकत्र जोडली पाहिजेत. त्याशिवाय एकाचा इशारा दुसऱ्याला कळत नाही.

दोन पथ्ये पाळावीत. ‘पुढे’ आणि ‘मागे’ हे हुकूम एकदम कधीही देऊ नयेत. दिशा बदलताना मध्ये किंचित थांबावे. तसेच अशा पुष्कळ गाड्यांत चाके वळविणारी मोटार टोकाला जाऊन अडूनच राहते, म्हणून वळणाचा हुकूम फार वेळ देऊ नये. वेग कमी हवा असल्यास ‘पुढे’चा इशारा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करावा, चालूचा काळ जितका थोडा तितकी गाडी सावकाश.

आमची गाडी या रीतीने पुन्हा धावली. तिच्यातील जुने ट्रान्झिस्टर अजून तेच आहेत. एक अवयव निकामी झाला म्हणजे सारी वस्तू निकामी झाली, असे आपण फार लवकर ठरवितो. नेमके काय बिघडले आणि काय शाबूत आहे हे आधी शोधावे. फेकून देण्याचा निर्णय मग घेता येतोच.