प्रतिकारशक्तीची पाटी कोरी करताना

१९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीचं अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेतून चढवून घेतलं. तिला आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया, हा आजार होता. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स टिकतच नव्हत्या. काही तासांत डॉक्टरांच्याही प्लेटलेट्स तळाला गेल्या, अंगावर रक्ताचे ठिपके उमटले, आकडीही आली. आठवडाभरात ते सावरले आणि त्यांचा संशय खरा ठरला. प्लेटलेट्सचा शत्रू रुग्णाच्या रक्तातच फिरत होता. शरीरानं आपल्याच पेशींविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीज, हाच तो शत्रू.

डेंग्यूमुळे प्लेटलेट्सचा आकडा आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालाय. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असणं सर्वसाधारण मानलं जातं. डेंग्यूत घसरलेला आकडा ताप ओसरल्यावर वर येतो. आयटीपीत मात्र हा हल्ला वर्षानुवर्षं चालू राहू शकतो. तोच हल्ला तांबड्या पेशींवर झाला तर रक्तक्षय होतो. दोन्हींवर झाला, तर त्या आजाराला इव्हान्स सिंड्रोम म्हणतात.

अशा बहुतेक रुग्णांना स्टेम सेलच्या, म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशींच्या, प्रत्यारोपणाची गरज पडत नाही. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रिटुक्सिमॅब, प्लेटलेट्सची निर्मिती वाढवणारं एल्ट्रॉम्बोपॅग यांपैकी काही ना काही लागू पडतं. प्लीहा काढण्याचा उपाय तर १९१६ पासून, प्रागमधल्या पहिल्या शस्त्रक्रियेपासून चालत आलाय. हे सगळं करूनही रक्तस्राव थांबत नाही, अशा मोजक्या रुग्णांबाबतच स्टेम सेल प्रत्यारोपणाचा विचार होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नव्या पेशी जाऊन आजार बरा करतात, असं नाही. इंजेक्शनं देऊन रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल रक्तात उतरवतात, यंत्रानं वेगळ्या काढतात आणि गोठवून ठेवतात. मग सायक्लोफॉस्फामाइडच्या मोठ्या डोसनं प्रतिकारशक्तीची पाटी पुसली जाते. खरा उपचार तो. साठवलेल्या पेशी परत दिल्या, की रक्तनिर्मिती लवकर सावरते आणि जंतुसंसर्गाचे धोक्याचे दिवस कमी होतात. जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी तर काही रुग्णांना पेशी परत न देता नुसतं हेच औषध दिलं, तरी रक्तनिर्मिती पुन्हा सुरू झाली; कारण स्टेम सेलमधलं एक एन्झाइम या औषधाला निष्प्रभ करतं.

पाटी खरंच कोरी होते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २००३ मध्ये चिवट आयटीपीच्या १४ रुग्णांवर त्यांच्याच पेशी वापरून केलेल्या अशा प्रत्यारोपणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा जणांना पूर्ण आणि दोघांना अंशतः गुण आला. उरलेल्या सहांना आला नाही. एक संभाव्य कारण असं, की अँटिबॉडीज बनवणाऱ्या काही दीर्घायुषी पेशी अस्थिमज्जेत दडून बसतात आणि औषधाला दाद देत नाहीत.

दात्याच्या पेशी घेतल्या तर प्रतिकारशक्तीच बदलते. पण त्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर उलटू शकतात. अप्लास्टिक अॅनिमियात हा धोका पत्करला जातो. तिथे प्रतिकारशक्तीनं रक्ताचा कारखानाच बंद पाडलेला असतो. म्हणून तरुण रुग्णाला जुळणारा भाऊ किंवा बहीण असेल, तर तीव्र आजारात प्रत्यारोपण हाच पहिला पर्याय ठरतो.

आयटीपीचं गणित वेगळं आहे. वीस हजार प्लेटलेट्सवरही रक्तस्राव न होता जगणारे रुग्ण असतात. त्यांच्यासाठी हा उपचार आजाराहून घातक ठरू शकतो. वंध्यत्वाचा धोका आहे, तो आणखी वेगळा. त्यामुळे निर्णय रिपोर्टातल्या आकड्यावर नव्हे, तर रक्तस्राव किती होतो आणि कोणती औषधं वापरून झाली, यावर घ्यावा लागतो. आणि कुणी ‘स्टेम सेलच्या इंजेक्शनानं आयटीपी बरा करतो’ म्हणालं, तर आधी विचारावं: या पेशी कुणाच्या, त्या देण्याआधी कोणतं औषध देणार, आणि हे काम रक्तविकारतज्ज्ञांच्या प्रत्यारोपण विभागात होणार आहे का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तिथून उठावं.